नाव नंतर कळवू

सत्त्याऐंशीच्या जुलैत आम्ही टॉलिव्हर देऊन टाकला.
डावखुरा, सव्वीस वर्षांचा,
चेंडू सोडताना जीभ दातांत धरणारा.
बदल्यात दोन पोरं, आणि कराराच्या तळाशी एक ओळ:
तिसरा खेळाडू, नाव नंतर कळवू.

त्या रात्री ईरीत कुणी धड जेवलं नाही.
माझा मेहुणा कॅसिमिर म्हणाला, टोपी घातली आपल्याला.
मी म्हणालो, थांब जरा, पोरं कोवळी आहेत.
आम्ही अजून थांबलोय
त्याच्या स्वयंपाकघरात, निळी वही उघडून.

पहिल्या वर्षी पारडं त्यांचं.
टॉलिव्हरचे एकोणीस विजय; कॅसिमिरनं आकडा इतका दाबून लिहिला
की मागच्या पानावर उमटला.
तिसऱ्या वर्षी टॉलिव्हरचा खांदा गेला.
मी बियर उघडली, आणि मग ती पिववेना,
कारण टीव्हीवर तो कडेच्या बाकावर
उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर ठेवत होता,
झोपलेलं मूल ठेवावं तसा.

आपल्याकडच्या दोघांतला एक वाया गेला.
दुसरा, अल्टाग्रासिया, नऊ मोसम पुरला.
मग तोही दिला, त्याच्या बदल्यात आला कॅचर,
कॅचरच्या बदल्यात रोकड,
रोकडीतून मैदानाला नवे दिवे.
आता सांगा, तो उजेड कुणाच्या खात्यात मांडायचा?
कॅसिमिर म्हणतो, नातवंडांची कमाई आजोबाच्या नावावर लावू नये.
मी म्हणतो, का नये?
कॉफी निवते.

तिसऱ्याचं नाव ऑक्टोबरात कळलं. लोनी प्रुइट.
अकरा सामने. बॅटला लागले तेवढे चेंडू रेषेबाहेर.
संघानं सोडलं तेव्हा ओक्लाहोमाला परतायला
गाडीला सायलेन्सर नव्हता.
तो बसवता बसवता इथंच राहिला,
दुकान टाकलं, कॅसिमिरच्या थोरलीला
दोनदा फुकट ऑइल बदलून दिलं, तिसऱ्यांदा मागणी घातली.
वहीत त्याच्यापुढे शून्य आहे. बरोबरच आहे.

काल तो आला, बुटांवरचं बर्फ दारात झटकलं,
काळ्या नखांनी सासऱ्याच्या गोळ्या
सोमवार ते रविवार डबीत मोजून घातल्या,
रविवारची एक कमी पडली म्हणून पुन्हा मोजल्या.
मग आमच्या खांद्यावरून वाकून म्हणाला,
कोण पुढे आहे?

कॅसिमिरनं पानावर पंजा ठेवला.
म्हणाला, इतक्यात काही सांगता येत नाही.