उसनवारीची दोरी

दिवा मागू नकोस, इल्हू. गाठी डोळ्यांना कळत नाहीत.
हात पुढे कर. अंगठा नको, तो उतावळा;
करंगळीशेजारचं बोट दे,
ज्याला घरात कुणी काम सांगत नाही.

ही रात्र एकोणीस वर्षांची, त्यातली सात सरली.
केथ्रवर सूर्य परतेपर्यंत
कोण जिवंत, कोण कुणाचं,
ते या खोलीतल्या दोऱ्यांनाच विचारायचं.

पहिली दोरी स्वतःच्या उबेची. आखूड आहे, हसू नकोस.
उकळत्या झऱ्यातलं शेवाळ,
डोंगराच्या पोटातला आंधळा किडा,
आणि एक गाठ झिजून गुळगुळीत झालेली;
ती कुणाची, ते माझ्या गुरुबाईंनाही ठाऊक नव्हतं.
तरी दर वर्षी तिला तेल लावतो आपण.

आता ही. सांभाळून, खोलीला तीन वेढे आहेत तिचे.
उसनवारीची.
दगडचाट्या हिच्यावर, धूरगवत हिच्यावर,
उशाशी निजणारा लोकरी मासा,
मठातले थोरले (त्यांना आवडत नाही, पण हिच्यावरच),
तू, आणि मी.

पाय किती, पंख आहेत का, अंडं की पिल्लू,
असलं आपण विचारत नाही.
अंधारात पाय कोण मोजत बसतं?
एकच विचारायचं : ऊब कुणाची घेतलीस?
त्याच्या शेजारी तुझी गाठ.
आणि गाठीला गाठ शिवली
की दारात आलेल्याला नाही म्हणता येत नाही.
म्हणून तर दगडचाट्या पोटावर येऊन पडला
तरी तू त्याला लाथ मारत नाहीस.

तिसरी खाली, फरशीवर. फेडून मोकळे झालेल्यांची.
तिथे आई आहे माझी, आणि ओढ्याकाठचं सगळं रान.
तिला आज नको हात लावू.

थांबलास ना? वाटलंच मला.
दोन पीळ हवेत तिथे पाच आहेत, आणि भलत्याच घाईत मारलेले.
फुरीकची गाठ ती.

झाला तेव्हा अंग फरशीसारखं.
सुईण ओर्मा म्हणाली, हा कुठल्याच दोरीवरचा नव्हे.
चुकलं नव्हतं तिचं.
ज्याने कुणाची ऊब घेतलीच नाही, त्याला गाठ कसली?
मी बांधली.
अख्ख्या आळीच्या गाठींत गुंतवून, खोटी,
दात लावून ओढली.

मग काय, नियम तो नियम.
झऱ्यावरची झुमेथ शिव्या घालत आली,
पोराला पोटाशी धरून शिव्या घालत राहिली.
शेजारचे तिघे आले. मासे आले.
एक म्हातारा दगडचाट्या उंबरा चढून आला,
त्याला कुणी कळवलं कोण जाणे.
झुमेथची पाळी दुसऱ्यांदा आली तेव्हा पोर रडलं.

आता घसरगाड्यांच्या तळावर हमाल आहे. कजाग.
माझ्या दोन टोपल्या शेवाळाचे पैसे अजून दिले नाहीत.
परवा म्हणाला, म्हातारे, लांब सरक, तुझे हात गार लागतात.

तू म्हणतोस सोडवू या, नोंद शुद्ध हवी.
सोडव. अडवत नाही मी.
एवढ्या रात्री झाल्या, माझी नखं गेली,
आणि खरी कुठली, खोटी कुठली,
हे बोटांना आता सांगवत नाही.

फक्त एक.
मघापासून तुझं बोट तिच्यावरच आहे.
कोमट लागतेय का?
तुझं बोट गार होतं, इल्हू, खोलीत आलास तेव्हा.

कोपऱ्यात सुतळी आहे. हातभर तोड.
बांध तुझी, तिच्या शेजारी,
आणि तो पैसे बुडवतो, हे लक्षात ठेव.