उरलेली ताकद

सिमेंटला पाणी पाजावं लागतं
अठ्ठावीस दिवस, तान्ह्या लेकरासारखं.
हे ठोकळे वेगळे.
यांना ऊन पाजायचं.

म्हणून नवतपा लागला त्या सकाळी
कॉलेजच्या गच्चीवर आम्ही मांडले
चोवीस ठोकळे, प्लास्टिकात गुंडाळून,
चौकीदाराच्या बायकोच्या कुरड्यांशेजारी.
तिनं विचारलं, काय वाळू घातलं व मॅडम?
मी म्हणाले, कोराडीची राख,
काचपाणी, दाहक सोडा,
आणि खडीच्या जागी धातुमळी, बुटीबोरीची.
ती म्हणाली, मग कावळे नाही येत यावर.

फागूजी मरसकोल्हे आमच्या लॅबचे अटेंडंट.
पोत्यातला एक तुकडा त्यांनी उचलला,
काळा, भोकाभोकांचा, एका कडेनं काचेसारखा,
आणि ओळखीचं माणूस बाजारात भेटावं तसे हसले.
"हा तं आमचाच मळ होय बाप्पा!
अकरा वर्षं भट्टीच्या तोंडाशी होतो मी.
लोखंड खाली, हा वर.
साय काढावी तसा काढायचा अन् फेकायचा.
रात्री ढिगारा लाल दिसे,
पोट्टे घरून पाहत, दिवाळी म्हणत."

त्यांच्या उजव्या हातावर
मनगटापासून कोपरापर्यंत एकही केस नाही.
तीन वर्षं रोज चहा देतात मला त्या हातानं.
मला दिसलं ते त्या दिवशी.

भट्टी आमची लहान, फ्रीजएवढी.
आत आठशे अंश, दोन तास.
बाहेर सेहेचाळीस पूर्णांक दोन,
आणि पंखा तीच हवा परत परत वाढणारा.
वीज दोनदा गेली,
दोनदा शून्यापासून सुरुवात.
डॉ. वैरागडे फोनवर, आलेख आला का, आलेख?

आधी साध्या काँक्रीटचा ठोकळा ठेवला, तुलनेसाठी.
साडेचारशेच्या आसपास आतून आवाज आला,
फुटाण्याच्या कढईतला, पण दांडगा.
दार उघडलं तेव्हा कोपरे नव्हते.
पोटात कोंडलेलं पाणी वाट मागतं,
नाही मिळाली की अंग फोडून निघतं,
असं मी प्रबंधात लिहीन,
जरा नीट भाषेत.

राखेचा ठोकळा आत गेला करडा,
निघाला विटकरी,
अंगभर बारीक भेगा
उन्हाळ्यात टाचांना पडतात तशा.
पण कोपरे आठही जागच्या जागी.

"त्याले काय होते?" फागूजी म्हणाले.
"जे एकदा पंधराशेत वितळून आलं
ते आठशेले काहून भिईल?"
आणि माझं तिसरं प्रकरण
एका वाक्यात आटपून
चहा सांगायला गेले.

दाबयंत्राखाली काटा चढत गेला,
अडखळला,
मागे आला.
वहीत रकाना आहे: उरलेली ताकद, टक्क्यांत.
मी लिहिलं, बासष्ट.
साध्याच्या पुढे नुसती रेघ.

"बासष्ट म्हणजे पास?"
"पास, काका."
ते स्वतःच्या हाताकडे पाहत नव्हते.
मीच पाहत होते.

फुटलेले अर्धेमुर्धे ठोकळे भंगारात जायचे होते.
त्यांनी चार निवडले, एकसारख्या उंचीचे,
आणि डब्याच्या पिशवीत भरले.
हिंगण्याला टिनाचं घर,
कूलरचे पाय मातीत रुततात म्हणाले.

सोमवारी विचारलं, कसे आहेत ठोकळे?
"कूलर हालत नाही आता," म्हणाले फागूजी.
"पाणीच नाही त्यात टाकाले.
टँकर एक दिवसाआड येऊन राह्यला."
मग गच्चीवरचे पुढचे चोवीस
उलटे करायला निघाले,
हातमोजे खिशात ठेवून.