पाचवा पाय

तार्तूत आमच्या भागाला सूपनगर म्हणतात.
गल्ल्यांची नावं वाटाणा, घेवडा, बटाटा.
मी वाटाण्यात राहते, वरच्या मजल्यावर.
घर लाकडाचं, जमीन तिरकी:
पेन्सिल पडली की आपण होऊन खिडकीशी जाते.

आज केर्तू आली होती. वय बावीस,
काखेत चित्रांचं बाड, नाक थंडीनं लाल.
बसायच्या आधीच विचारलं,
विर्वे, यावर पोट भरतं का?
मी चहा टाकला.
उत्तर लांबवायला चहाइतकं चांगलं काही नाही.

एका ताटात नाही भरत, केर्तू.
पहिलं पुस्तक आलं तेव्हा मलाही वाटलं, झालं!
एक अस्वल, त्याचा हरवलेला चष्मा,
बत्तीस पानं, अकरा महिने.
त्या पैशांत एका हिवाळ्याची लाकडं आली,
तीही पुरली नाहीत;
मार्चमध्ये मी टोपी घालून रंगवत होते.

मग दुधाच्या खोक्यावर गाय काढली.
डेअरीनं चारदा परत पाठवली:
अजून थोडी हसवा.
शाळेच्या पुस्तकासाठी बेडकाचं आतडं काढलं,
फिकट निळं, बाण अचूक.
दात कोरून पोट भरत नाही म्हणतात,
माझं भरलं.
डॉक्टर लाउरनी दवाखान्याची भिंत दिली,
मी तिच्यावर मगर काढली, जबडा सताड उघडा,
अडुसष्ट दात, मोजून.
दुसरं पुस्तक त्या जबड्यातून बाहेर आलं.

मंगळवारी मी बसनं खेड्यांतल्या शाळांत जाते,
पिशवीत चाळीस ब्रश.
व्होरूच्या पलीकडे एका वर्गात सात मुलं होती. सातच.
त्यातल्या रासमुसनं घोडा काढला, पाच पायांचा.
मी म्हटलं, मोज बरं.
त्यानं बोट ठेवून मोजले. पाच.
मग माझ्याकडे बघत म्हणाला,
पळतोय ना.

तो पाय मी चोरला.
माझं तिसरं पुस्तक उघड,
त्यातला पळणारा प्रत्येक प्राणी नीट मोज.

आणि करार वाच.
जंगलातून आणलेल्या बेऱ्या निवडतात तसा वाच,
पान, काडी, किडा वेगळा करत.
चित्र भाड्यानं द्यायचं असतं, घर देतात तसं,
किल्ली आपल्याकडे ठेवून.
मी अकराव्या ओळीखाली सही केली
आणि माझं अस्वल चार हजार उशांवर जाऊन बसलं.
मला एकही मिळाली नाही.
शेवटी दुकानात जाऊन विकत घेतली.
अजून तिच्यावरच झोपते, चांगली आहे.

मनगटाचं विचारू नकोस.
पाऊस यायच्या आदल्या दिवशी ते बोलतं.
म्हणून डाव्या हातानं ढग काढायला शिकले,
ढग कुणाला चुकलेले वाटत नाहीत.

वर्षातून एकदा ग्रंथालयांचे पैसे येतात,
पुस्तक किती मुलांनी घरी नेलं त्या हिशेबानं.
यंदा त्यात बूट आले
आणि एक स्मोक केलेला मासा.
मागच्या आठवड्यात मी तिथं सहज गेले,
कपाटातून माझंच अस्वल काढलं.
पान चौदा: नाक झिजलेलं,
काळा रंग जाऊन खालचा कागद दिसत होता.
मिल्वी टेबलामागून म्हणाली, प्रत फाटायला आलीय,
नवी मागवू का?
मी पुस्तक घरी आणलं. अजून परत केलेलं नाही.
दंड चढतोय, रोज थोडा.

केर्तूनं कप खाली ठेवला.
म्हणजे भरतं की नाही?

मी म्हटलं, दाखव.
तिनं बाड सोडलं. पहिल्याच पानावर वटवाघूळ,
उलटं टांगलेलं, तरी पायांत मोजे घातलेलं,
मोजे तेवढे सरळ.
डावा पंख जरा जड झाला होता.
इथं थोडं पुसून बघ, असं म्हणत
मी पेन्सिलीसाठी हात लांब केला.
ती केव्हाच खिडकीशी पोचली होती.