असता

धैर्यशील खानविलकरला दांडिया बाजारात
कुणी धैर्यशील म्हणत नाही.
असता म्हणतात.
ती कुस्ती बरोबरीत सुटली नसती तर दिल्लीला गेला असता.
गुडघा गेला नसता तर करार झाला असता,
आज टीव्हीवर दिसला असता.
एवढी वाक्यं रोज कोण पुरी करणार,
म्हणून लोकांनी शेवटचा शब्द तेवढा ठेवलाय.
हाक मारली की तोही वळून बघतो.

मी त्याच्या हातांना पट्ट्या बांधतो. अकरा वर्षं.
मनगटाला तीन वेढे, बोटांमधून एकेक,
मूठ वळ, सोड, पुन्हा वळ.
दिवसा पॅथॉलॉजीत लोकांच्या शिरा शोधतो,
त्यामुळे मला हात कळतात.
ह्याचा उजवा हात देवाने घाई न करता केला होता.
बाकीच्याबद्दल मी बोलत नाही.

बाविसाव्या वर्षी पिंजऱ्यात उतरला
आणि सुरतेच्या एका दांडग्याला
एकोणीस सेकंदांत झोपवलं.
ते एकोणीस सेकंद लोक अजून सांगतात.
पुढची चौदा वर्षं कुणी मोजत नाही:
पहिल्यांदा गुडघा, मग तोच गुडघा,
मामाच्या दुकानात रंगाचे डबे हलवणं,
सहीच्या आठवड्यातच लागलेली दारू,
मग सुटलेली,
मध्येच एकदा पुन्हा लागलेली.

परत उतरतो म्हणाला तेव्हा छत्तीस संपलं होतं.

वजन उतरवायला माझ्या व्हॅनमध्ये बसवला.
काचा बंद, हीटर चालू, अंगात प्लास्टिकचा सूट. मे महिना.
सुरसागरला तेवीस फेऱ्या.
तळ्यातला महादेव दर फेरीला
एकदा तोंड दाखवी, एकदा पाठ.
फुटपाथवर सेव-उसळीचा रस्सा उकळत होता
आणि हा थुंकीसुद्धा बाटलीत मोजून टाकत होता.
"तर्री चांगली असते त्याची,"
एवढंच म्हणाला, डोळे मिटून.

समोरचा पोरगा रोहतकचा, एकवीस वर्षांचा.
त्याने ह्याचं नाव कधी ऐकलं नव्हतं.
बरंच झालं.

पहिल्या फेरीत नाक गेलं.
दुसरीत हा विश्वामित्रीतल्या मगरीसारखा पडून राहिला,
पुलावरच्यांना वाटतं, मेली,
आणि पोरगा क्षणभर आपला हात विसरला.
तो हात ह्याच्या मांड्यांत.
कोपर सरळ. अजून थोडं.
हॉल उभा राहिला.
मी जाळीला तोंड लावून ओरडत होतो,
काय ते आठवत नाही.
गुडघा सरकला. तोच.
हात निसटला.
तिसरी फेरी मी सांगत नाही.
दोन पंच पोराकडे, एक ह्याच्याकडे.
त्या एका पंचाचं घर कुठे आहे, मला भेटायचंय त्याला.

"जिंकला असता," पार्किंगवाला म्हणाला, पावती फाडता फाडता.

रात्री सयाजी हॉस्पिटल. भुवईला सात टाके.
केसपेपरवाल्याने मान वर न करता विचारलं,
शू करो छो?
मी सांगणार होतो, रंगाचं दुकान.
पण सुजलेल्या ओठांतून हाच बोलला,
मराठीतच:
"लढतो."
कारकुनाने लिहिलं, खानगी नोकरी.

बाहेर आलो तर दीड वाजलेला.
उसळवाला पातेली घासायला काढत होता.
ह्याने माझ्या खांद्यावर
पट्ट्या कापलेला तो उघडा हात ठेवला.
"थांबव जरा," म्हणाला,
"बघ, तर्री उरलीये का."