छाट

बत्तीस वर्षं पानं कापली मी.
रोजच्या हजार विड्या,
आणि संध्याकाळी कारखान्याच्या खिडकीत चेकर.
मूठभर उचलून बाजूला टाकायचा :
ही ढिली, ही तोंडाला फाटकी,
छाट, छाट.
त्याचे पैसे नाहीत. पान आपलं गेलं ते गेलं.

आता अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत,
पत्र्याखाली स्टुलावर बसते.
इथं येतं ते सगळं छाटच.
मिक्सर, इस्त्र्या, पाठीवर पोक आलेले टीव्ही,
रिमोट तर पिशवीत घालून, वर रबर लावून जपलेले,
टीव्ही कधीच फुटला
पण ह्याच्या बटणावरचा एक आकडासुद्धा पुसला नाही.

व्यंकटेश येमूल सुपरवायझर, माझ्या लेकाएवढा.
पहिल्या दिवशी म्हणाला, अक्का, बोटं बघू.
मी म्हटलं, बघ की.
तंबाखूनं पिवळी पडलेली, पण कापत नाहीत.
मोबाइलच्या आतला स्क्रू राईच्या दाण्याएवढा,
चष्म्याशिवाय काढते.
बोर्ड निळ्या डब्यात, तांबं गोणीत,
बॅटरी वाळूत. तिला टोचायचं नाही, पेटते.

नबीलाल माल आणतो, हातगाडीवर, खोकत.
पूर्वी नाल्याकाठी वायरी जाळायचा तांब्यासाठी.
हिरवा जाळ उठायचा म्हणे,
गल्लीतली पोरं बघायला जमायची.
आता चिरतो नि सोलतो, शेंगा सोलाव्या तशा.
वेळ लागतो, म्हणतो, पण धूर नाही.
खोकला तेवढा जुना राहिलाय.

उघडलं की घर कळतं.
मिक्सरच्या जाळीत शेंगाचटणीचं लाल तेल,
इस्त्रीच्या पोटात कुणाच्या तरी नायलॉनच्या साडीचा डाग,
सेटटॉप बॉक्समध्ये झुरळांचा अख्खा संसार.
आणि पंख्याच्या मोटरीत पांढरा तूस भरला असेल
तर विचारायचं नाही, पूर्व भागातला.
शेजारी माग असणार.
तिथं भाकरीवर पण तूस बसतो.

मे महिन्यात, त्रेचाळीस डिग्रीत,
असाच एक टेबलफॅन आला.
तूस काढला, उलटा केला,
बुडाला ऑइलपेंटनं लिहिलेलं :
शांतम्मास, शेड नं. ३ च्या मैत्रीणीकडुन. सन ९१.

मैत्रीणी चुकलंय हे तेव्हाच दिसलं होतं.
पेंटर म्हणाला, खोडलं तर डाग पडेल.
राहू दे म्हटलं आम्ही.
प्रत्येकीचे अकरा रुपये, माझे दोन हप्त्यांत.
लग्नात तो पंखा मांडवभर फिरवून दाखवला होता तिच्या सासऱ्यानं,
वायर लोंबत होती मागं.

नबीलालला विचारलं, कुठून आणला?
चार हात फिरून येतं अक्का, म्हणाला, कुणाला ठाऊक.
कोण गेलं, कोण घर सोडून गेलं,
की नुसता कूलर आला म्हणून टाकला,
पंख्यावर लिहिलेलं नव्हतं.
शांतम्माचा नंबर माझ्याकडे नाही.
तेव्हा आमच्याकडे नंबरच नव्हते.

नियमानं चार स्क्रू, जाळी, पाती,
मोटरीतून अर्धा किलोभर तांबं.
स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन मी बसले
तेवढ्यात येमूल मागं उभा.
मला वाटलं आता म्हणणार, लावलाव करा.
तो म्हणाला, कपॅसिटर गेलाय फक्त, अक्का. बुश कोरडा झालाय.

दुसऱ्या मेलेल्या पंख्याचा कपॅसिटर काढला,
शिलाई मशीनचं तेल दोन थेंब.
बटण दाबलं.
आधी नुसता गुरगुरला,
मग कुठून तरी उरलेला तूस उडाला सगळा,
माझ्या केसांवर, येमूलच्या मिशीवर,
नबीलाल खोकता खोकता हसायला लागला.

अर्धा मिनिट तोंडावर वारं घेतलं.
मग बंद केला. शेडचा नियम आहे,
चालू माल फळीवर.
साडेतीनशे रुपयांची चिठ्ठी मीच चिकटवली,
बुडाला नाही, जाळीला.

अजून आहे तिथं.
जाता येता मी बघते,
घेणाऱ्यानं उलटा करून बघितला तर काय वाचेल.
तोवर समोर एक मिक्सर आलाय,
आणि ह्याच्या जाळीत, कमाल आहे,
अजून ओली हळद.