साठ ओहम

पहाटे तीनला हिल्केचा फोन:
"ग्रीत्ये आत जात नाही."
सतरा वर्षं मी दूध काढणारी यंत्रं दुरुस्त करते,
डोकमच्या पुढे, समुद्राच्या बांधापर्यंत,
आणि गाईच्या नकारावर
मीटरपेक्षा जास्त विश्वास ठेवते.

गोठ्यात वाफ, शेण, रेडिओवर वाऱ्याचा अंदाज.
यंत्राचा हात नेहमीसारखा खाली आला
आणि सडापासून दोन बोटं चुकून थांबला.
पडद्यावर सगळं हिरवं.
पडदा म्हणतो ठीक, हात म्हणतो ठीक.

झाकण उघडलं.

आत दोन तारा, एकमेकींना पीळ घातलेल्या.
डोळा, हात, पंप, झडप
सगळ्यांचं बोलणं याच दोन तारांवर.
चावडीच ही. कुणीही बोलावं, सगळ्यांनी ऐकावं.
दोघं एकदम बोलले
तर ज्याचा आकडा लहान, त्याचं आधी.
पण कोण रे तू, कुणाचा,
हे विचारायची इथे रीत नाही.
बनवणाऱ्यांना वाटलं असेल,
पेटीच्या आत सगळे घरचेच.

मीटर लावला: साठ ओहम.
अगदी हवे तेवढे.
परत लावला. साठ.

मग धूळ पाहिली.
सहा वर्षांची धूळ, तिच्यात गाईचे केस, कोळ्याचं जाळं,
आणि एका जोडणीवर
काहीच नाही.
काळं आवरण नखानं सोललं,
तर आत तांदळाएवढी चिप,
दोन्ही तारांना पाय लावून बसलेली.
डोळा म्हणायचा, सड इथे.
लगेच डोळ्याच्याच नावानं ही म्हणायची,
नाही, जरा अलीकडे.

"ही केबल कुठली, हिल्के?"
तो बुटांकडे बघत राहिला.
"मार्चमध्ये मागवली. निम्म्या किमतीत.
पाकिटावर चिकटपट्टी दोनदा लावलेली होती,
मला वाटलं, पोस्टवाल्यांनी."
मग जरा रागानं,
"बावन्न गाईंकडून कुणाला काय मिळणार?"

मला माहीत नाही.
कदाचित कुणी सराव करत असेल.
हे मी बोलायला नको होतं,
कारण त्याच्या मनात लेवार्डनचं इस्पितळ आलं,
जिथे मंगळवारी विट्स्केचं खुब्याचं हाड
असाच एक हात कापणार आहे.
"त्याच्या आतही अशाच दोन तारा?"
"असतील."
"आणि ते कुणी बघतं?"
ते झाकण मी कधी उघडलेलं नाही,
एवढंच सांगता आलं.

चिप मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत टाकली,
कागदावर तारीख लिहिली,
गाडीतली केबल बसवली.
उजाडता उजाडता ग्रीत्ये आली,
उंबऱ्यावर थांबली,
मान लांब करून
नवी केबल हुंगत राहिली, हुंगत राहिली.
माझा हात तिला ढकलायला पुढे झाला.
"राहू दे," हिल्के म्हणाला,
"घाई नको करूस तिला."