हवेचा फोटो

मुख्याध्यापिकाबाईंनी बारा रियाल दिले
आणि म्हणाल्या, पावत्या जपून ठेवा.

आरसा सापडला सोहारच्या जुन्या बाजारात,
मोडक्या दुर्बिणीच्या पोटात.
बलुची म्हाताऱ्यानं तो सदऱ्याला पुसून दिला,
वर दोन खजूर.
दिवा टॉर्चमधला, त्यावर सुईनं टोचलेला
बिस्किटाच्या पुड्याचा चांदीचा कागद.
दाढीचं पातं नवऱ्याचं;
तो आठवडाभर खुंट वाढवून हिंडला.

उजेड जातो, आरशावरून परततो,
आणि जिथे टाचणीएवढा होतो, नेमका तिथे
पात्यानं त्याला कापायचा. अर्धाच.
सगळा कापलात तर अंधार,
नाही कापलात तर नुसता आरसा.
मागे माझा जुना फोन, काच तडकलेली.

शिफानानं तळहात धरला.
पडद्यावर बोटांमधून वर चढू लागलं काहीतरी,
धूर नव्हे,
पाण्यात विरघळणाऱ्या साखरेच्या रेघा असतात तसं.
"मिस, मी उतू जातेय!"
उतू नकोस, मातू नकोस, मी मराठीत म्हटलं.
कुणालाच कळलं नाही.
सगळ्यांना आपापलं उतू जाणं बघायचं होतं.

पण चित्र थरथरत होतं.

दारात राजमल्लू, एसीवाला,
शिडी खांद्यावर, बाहेर शेहेचाळीस.
"ये क्या है, मॅडम?"
हवा, मी म्हटलं.
त्यानं लायटर काढला, न पेटवता दाबला.
गॅस खाली सांडला, जड, झिरमिळ्या झिरमिळ्या,
बाकावर आपटून पसरला.

तो बघतच राहिला.
अठरा वर्षं ह्या जातीला तो साबणाच्या फेसानं शोधत आला,
गच्च्यांवर, नळ्यांच्या सांध्यासांध्यांवर.
बुडबुडा फुगला की समजायचं, इथून निसटतोय.
तोंड कधी पाहिलं नव्हतं.

मग त्यानं छताकडे बोट केलं:
आरसा तो हलवतोय, वरचा कॉम्प्रेसर.
गेला, आणि रबराचे चार काळे तुकडे आणून
स्टँडखाली सरकवले.
चित्र थांबलं.
हवा तेवढी हलत राहिली.

संध्याकाळी हिशेब लिहायला बसले.
नऊ रियाल, चारशे बैसा.
रबराची पावती नाही.
त्या रकान्यात काय लिहावं,
पेन धरून बसले बराच वेळ;
हातातून वर चढत असणार काहीतरी,
पंख्याकडे.